पंगतीत शेजारी बसलेला माणूस

गेल्या वैशाखात अक्कलकोट रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात नात्यातले लग्न होते. अक्षता पडल्या, बँडवाले एकदाचे थांबले आणि पहिली पंगत बसली. आण्णा, म्हणजे माझे वडील, मधोमध बसले होते. त्यांच्या उजव्या हाताला माझी नऊ वर्षांची लेक होती आणि डाव्या हाताला यंत्रमागाच्या कारखान्यातले त्यांचे जुने सोबती, ज्यांची आणि आण्णांची गाठ चार वर्षांनी पडत होती. वाढपी हाकारत होते, स्टीलच्या बादल्या आदळत होत्या, माइकवरून कोणीतरी आहेर करणाऱ्यांची नावे वाचत होते आणि पलीकडे बँडवाल्यांचा हिशेबावरून वाद चालला होता. सोबत्यांनी आण्णांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितले. आण्णांनी मान हलवली. ते पुन्हा बोलले, आण्णांनी पुन्हा मान हलवली आणि हसले. आणि ते हसणे पाहून मला समजले की त्यांच्यापर्यंत एकही शब्द पोचलेला नाही, कारण बोलणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होते. ते आपल्या पत्नीच्या जाण्याविषयी सांगत होते, हे मला नंतर कळले.

थोड्या वेळाने आण्णांनी दोन्ही कानांमागची मशीन काढली, बॅटरीची झाकणे नखाने उघडली आणि ती शर्टाच्या खिशात ठेवून खाली मान घालून जेवले.

परतताना रिक्षात मी विचारले, "मशीन का काढलंत, आण्णा?" ते म्हणाले, "घरात येतंय ऐकू. तिथं नुसता कालवा वाढवलालंय ते."

श्रवणयंत्राची सगळी अडचण या उत्तरात आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. ध्वनीचा धडा दरवर्षी फळ्यावर उतरवते, तरंगलांबी आणि वारंवारता यांची उदाहरणे सोडवून घेते. ऐकू येणे आणि ऐकणे यांतले अंतर मात्र त्या धड्यात कोठे नाही. त्या लग्नानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचत गेले. वाचता वाचता अशा एका संशोधनापाशी येऊन थांबले, जे कानाला काही विचारतच नाही, थेट मेंदूला विचारते. त्याविषयी मराठीत फारसे कोणी लिहिलेले मला दिसले नाही, म्हणून हा लेख.

आधी आण्णांच्या कानांविषयी सांगायला हवे. १९७२ च्या दुष्काळात ते मोहोळ तालुक्यातून सोलापुरात आले आणि पूर्व भागातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात चिकटले. पुढची बत्तीस वर्षे चोवीस मागांच्या त्या शेडमध्ये आधी विणकर आणि मग जॉबर, म्हणजे माग नीट चालते ठेवणारा, म्हणून त्यांनी काढली. धोट्याच्या यंत्रमागावर आडवा धागा नेणारा लाकडी धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा एका पेटीतून दुसऱ्या पेटीत फेकला जातो आणि प्रत्येक फेकीला तो थांबवण्यासाठी एक दणका बसतो. असे चोवीस माग पत्र्याच्या छपराखाली एकदम चालू असले की आवाज ९० ते १०० डेसिबलच्या घरात जातो. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे खरी, पण आण्णांच्या शेडमध्ये कोणी ती मोजली नाही. कानात बोळा म्हणून सुताचा गुंता कोंबायचा, एवढेच काय ते संरक्षण.

त्या शेडमध्ये बोलणे अशक्य होते, म्हणून हातांची भाषा होती. लहानपणी डबा घेऊन गेले की मी ती पाहत असे. दोन्ही तर्जन्या टोकाला टोक लावून झटकन दूर केल्या की ताण्याचा धागा तुटला. उजवी मूठ छातीसमोर गोल फिरवून तळवा रिकामा उघडला की धोट्यातली सुताची कांडी संपली, नवी आण. मालक घरात तेलुगू बोलत, सोबती कन्नड बोलत, आण्णा मराठी. पण शेडच्या आत सगळ्यांची भाषा एकच होती. तिथली आणखी एक गोष्ट मला आता फार महत्त्वाची वाटते. आण्णा दाराशी उभे राहून बिडी पीत असताना मध्येच थांबत, शेडकडे तोंड वळवत आणि सरळ एखाद्या मागापाशी जाऊन तो बंद करत. धोटा पेटीत नीट बसत नसे, किंवा कसली तरी पट्टी सैल झालेली असे. चोवीस मागांच्या गदारोळातून एका मागाची चुकलेली लय त्यांच्या लक्षात येत असे. मला त्यात फरक काहीच कळत नसे; मला सगळी एकच भिंत ऐकू येई.

त्या कौशल्याची किंमत कानांनी मोजली. आपल्या आतल्या कानात, शंखासारख्या वळलेल्या नळीत, केसासारखे अग्र असलेल्या पेशींच्या रांगा असतात. आतल्या रांगेत साधारण ३,५०० आणि बाहेरच्या रांगांमध्ये साधारण १२,००० पेशी. आतल्या पेशी मेंदूकडे निरोप धाडतात. बाहेरच्या पेशी आलेल्या क्षीण आवाजाला उचल देतात आणि जवळजवळच्या दोन स्वरांना एकमेकांपासून वेगळे ठेवतात. मोठ्या आवाजाने प्रथम मरतात त्या बहुधा बाहेरच्या पेशी, आणि एकदा मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. गोंगाटात काम केलेल्यांच्या ऑडिओग्रामवर, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखावर, ४,००० हर्ट्‌झच्या आसपास एक खळगा दिसतो. आण्णांच्या कागदावर तो खळगा आता दरी झाला आहे. त्या पट्ट्यात आणि त्याच्या आजूबाजूला स, श, च, त, थ, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख असते. त्यामुळे स्वर ऐकू येतात पण शब्द येत नाही; भाजीवाली 'सहा' म्हणाली की 'दहा', हे आण्णांना तिच्या बोटांवरून कळते. नातीचा आवाज तर बारीक आणि उंच, म्हणजे नेमका त्या दरीत पडणारा.

त्याशिवाय एक नुकसान ऑडिओग्रामवर दिसतच नाही. २००९ मध्ये अमेरिकेतल्या शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवरच्या प्रयोगात दाखवले की मोठ्या आवाजानंतर चाचणीत ऐकणे पूर्ववत झाले, पेशीही शाबूत राहिल्या, तरी पेशी आणि श्रवणचेता यांना जोडणारे कित्येक सांधे कायमचे तुटलेले होते. बारीक आवाज ऐकू येतो, पण गर्दीत एक आवाज दुसऱ्यापासून सोडवण्याइतका तपशील मेंदूपर्यंत पोचत नाही. "ऐकू तर येतंय, मग कळत का नाही?" असे घरातली माणसे कावून विचारतात. मीही विचारले आहे. आज त्याची लाज वाटते.

आता मशीन काय करते ते पाहू. जो पट्टा खचला आहे तो ते वाढवते, आणि शांत खोलीत, एका माणसाशी बोलताना, त्याने खरोखर जग बदलते. आण्णांनी पहिल्यांदा मशीन लावले त्या सकाळी नारिंगी पट्टीची १३ नंबरची बॅटरी त्यांनी तळहातावर धरली. पट्टी सोलली की बारीक छिद्रांतून हवा आत शिरते आणि ती बॅटरी जागी होते, म्हणून मिनिटभर थांबायचे असते. त्यांनी तो मिनिट घड्याळ लावून मोजला, झाकण मिटले, मशीन कानामागे अडकवले आणि स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "फोडणीत मोहरी तडतडलालीय." आई पदराने डोळे पुसत राहिली. तो आवाज त्यांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

पण गर्दीत वाढवायचे काय? मशीनमध्ये दोन सूक्ष्म मायक्रोफोन असतात आणि त्यांच्याकडे आवाज पोचण्यातल्या अत्यल्प फरकावरून ते पुढून येणारा आवाज उचलते व मागचा दाबते. नव्या महागड्या यंत्रांत पुष्कळ आवाजांवर शिकवलेली संगणकीय जाळी असतात, ती बोलणे आणि गोंगाट यांना बऱ्यापैकी वेगळे करतात. मात्र यातल्या बहुतेक योजनांमागे एक गृहीत आहे, की ज्याचे ऐकायचे तो माणूस समोर आहे. टेबलाभोवती समोरासमोर बसणाऱ्या लोकांसाठी ते बरे आहे. आपली पंगत मात्र रांगेत बसते. समोर वाढपी आणि त्याची बादली, आणि ज्याचे ऐकायचे तो शेजारी, खांद्याला खांदा लावून. त्या दिवशी आण्णांची मशीन बिघडलेली नव्हती. ती प्रामाणिकपणे समोरच्या बादल्यांचा आवाज उचलून देत होती.

शिवाय पंगतीतला गोंगाट हा आवाजाच्या दृष्टीने गोंगाट नसतोच. तेही बोलणेच असते, माणसांचे, मराठीत आणि कन्नडमध्ये. नावे वाचणारा, वाद घालणारा, आग्रह करणारा आणि डोळ्यांत पाणी आणून बोलणारा, या चौघांच्या आवाजांत असे काहीच नसते ज्यावरून यंत्राला कळावे की यातला कोणता कामाचा. तो निर्णय ऐकणाऱ्याचा. आपण 'कान देऊन ऐक' म्हणतो ते किती नेमके आहे! कान द्यायचा असतो, आणि देणारा कान नसतो, मन असते. ते मन कोणाकडे वळले आहे हे यंत्राला कळण्याची आजवर सोय नव्हती.

या प्रश्नाला विज्ञानात नाव आहे 'कॉकटेल पार्टी'चा प्रश्न. इंग्लंडच्या कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये तो मांडला. त्यांनी लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी भाषणे सोडली आणि एकच भाषण मोठ्याने म्हणत राहायला सांगितले. लोकांना ते सहज जमले, पण दुसऱ्या कानातल्या भाषणाचे त्यांना जवळजवळ काहीच सांगता येईना. तिकडे इंग्रजीचे जर्मन झाले हेही कित्येकांच्या ध्यानात आले नाही. सोलापुरात वाढलेल्या माणसाला याचे नवल वाटायला नको. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच बसमध्ये कानांवर पडत असतात आणि आपण आपल्या बोलण्याच्या धाग्यावर चालत राहतो.

हे वळलेले लक्ष मेंदूत दिसते का? १९२४ मध्ये जर्मनीत हान्स बर्गर यांनी माणसाच्या डोक्यावरून मेंदूचे विद्युत तरंग पहिल्यांदा नोंदवले आणि १९२९ मध्ये ते प्रसिद्ध केले. पण बोलणे ऐकताना त्या तरंगांत नेमके काय घडते, हे दिसायला पुढे कित्येक दशके लागली. बोलण्याचा आवाज सतत सारखा नसतो. अक्षरागणिक तो चढतो आणि उतरतो, सेकंदाला साधारण चार-पाच वेळा. ही चढउतार आपल्या मागावरच्या लयीसारखी असते आणि प्रत्येक बोलणाऱ्याची त्या क्षणीची लय वेगळी असते. मेंदूचे संथ तरंग या लयीच्या मागोमाग चालतात. दोन माणसे एकदम बोलत असली तर ते ज्याच्याकडे लक्ष आहे त्याच्या लयीशी अधिक घट्ट बांधलेले असतात.

२०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को इथल्या नीमा मेसगरानी आणि एडवर्ड चँग यांनी 'नेचर' या नियतकालिकात याचा फार देखणा पुरावा दिला. अपस्माराच्या उपचारासाठी मेंदूच्या पृष्ठभागावर विद्युतपट्ट्या बसवलेल्या तीन रुग्णांना त्यांनी दोन माणसांचे एकत्र मिसळलेले बोलणे ऐकवले आणि एकाकडेच लक्ष द्यायला सांगितले. नंतर केवळ मेंदूच्या नोंदींवरून त्या आवाजाचे चित्र पुन्हा उभे केले, तेव्हा ते मिश्रणाचे निघाले नाही. जणू तो एकटाच माणूस बोलत होता, असे ते चित्र होते. हे वर्णन मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून गच्चीवर गेले. चोवीस मागांतला एक माग आण्णांच्या डोक्यात असाच एकटा चालत असणार.

डोक्याची कवटी न उघडता हे जमेल का, याचे उत्तर २०१५ मध्ये आले. जेम्स ओसलिवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळीस निरोगी माणसांच्या डोक्यावर विद्युतपट्ट्यांची टोपी बसवली, दोन कानांत दोन गोष्टी ऐकवल्या आणि सुमारे एका मिनिटाच्या नोंदीवरून कोणती गोष्ट ऐकली जात आहे ते जवळजवळ ८९ टक्के वेळा अचूक ओळखले. २०१९ मध्ये मेसगरानी यांच्याच, आता न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने पुढचा टप्पा गाठला: मिसळलेल्या आवाजातून आधी प्रत्येक बोलणाऱ्याला यंत्राने वेगळे करायचे, मग प्रत्येकाची लय मेंदूच्या तरंगांशी ताडून पाहायची आणि जुळेल त्याला उचलायचे. प्रयोगशाळेतल्या नोंदींवर ते साधले. टोपी घालून लग्नाला कोण जाईल, हा प्रश्नही संशोधकांनी सोडलेला नाही. जर्मनीतल्या ओल्डनबर्ग इथल्या स्टेफान डेबेनर यांच्या गटाने २०१५ मध्ये कानाभोवती चिकटणारी, इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वळलेली एक पातळ पट्टी मांडली, जिच्यावर दहा विद्युतबिंदू असतात. कानामागच्या त्या जागेत मशीन बसतेच. तिथेच मेंदूचे म्हणणेही टिपता आले तर आण्णांसारख्यांना वेगळे काही लेवावे लागणार नाही.

आणखी एका निष्कर्षाने मला फार धीर दिला. ज्यांचे कान खचले आहेत त्यांच्या मेंदूत ही लक्षाची खूण उरत असेल का, अशी मला भीती होती. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात श्रवणदोष असलेल्या वयस्कर माणसांच्या मेंदूचे तरंग लक्ष दिलेल्या बोलण्याच्या लयीशी बांधलेलेच आढळले. काही बाबतींत चांगले ऐकू येणाऱ्यांपेक्षाही अधिक जोराने. तोकड्या माहितीवरून अर्थ लावायचा म्हणून मेंदू अधिक झटतो, असा त्याचा एक अर्थ लावता येतो. म्हणजे पंगतीत आण्णांचे लक्ष सोबत्याकडेच होते. मन द्यायला ते चुकले नव्हते. त्यांच्या मनाचा निरोप मशीनपर्यंत नेणारे कोणी नव्हते.

आता अडचणी. त्या मी आण्णांपासून लपवल्या नाहीत, इथेही लपवत नाही. पहिली वेळेची. एका मिनिटाची नोंद मिळाली तर यंत्राचा निर्णय बऱ्यापैकी खरा ठरतो. दोन-तीन सेकंदांवरून ठरवायला लावले की तो नाणेफेकीच्या जवळ घसरतो. पंगतीत कोणी कोणासाठी मिनिटभर थांबत नाही, तेवढ्यात विषय लग्नावरून पावसावर गेलेला असतो. काही प्रयोगांत एका सेकंदात अचूक ओळख झाल्याचे दावे झाले होते. बेल्जियममधल्या लूवेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवले की अशा पद्धती ऐकण्याच्या दिशेऐवजी डोळ्यांची नजर किंवा त्या त्या नोंदीच्या आनुषंगिक खुणा पकडत असू शकतात. आपल्याच क्षेत्रातल्या आशादायक आकड्यांची अशी झडती घेणारी माणसे त्यात आहेत, म्हणून या संशोधनावर माझा भरवसा अधिक बसला.

दुसरी अडचण मला वाचताना सुचली आणि मग ती खरीच असल्याचे दिसले. डोक्यावरून मिळणारे मेंदूचे विद्युत संकेत व्होल्टच्या काही दशलक्षांश भागांएवढे असतात आणि त्यातला बोलण्यामागे चालणारा अंश त्याहूनही क्षीण. जबड्याचे स्नायू हलले की त्यांची वीज या संकेताच्या कित्येक पट असते, आणि ते स्नायू कानाच्या अगदी लगत असतात. प्रयोगशाळेतला माणूस खुर्चीत स्वस्थ बसून ऐकतो. आमच्याकडे ज्या जागी ऐकायला सर्वांत अवघड जाते, त्याच जागी माणूस कडक भाकरी चावत असतो. हे यंत्र सोलापुरात चालायचे असेल तर त्याची परीक्षा जेवणाऱ्या माणसाच्या कानावर व्हायला हवी, असे मला अगदी मनापासून वाटते. यंत्राला हे सगळे इवल्याशा बॅटरीवर करायचे आहे आणि आवाज कानात पोचवायला सुमारे दहा मिलिसेकंदांहून अधिक उशीर झाला तर स्वतःचे बोलणे घुमल्यासारखे वाटू लागते, या बाबी अभियंत्यांच्या, त्या सुटतील.

एका रविवारी दुपारी, घर शांत असताना, मी आण्णांना हे सगळे कागदावर चित्रे काढून समजावून सांगितले. त्यांनी चित्राकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी ज्याच्याकडं लक्ष देतो, त्याचाच आवाज मोठा होणार."

"हो."

"आणि ज्याच्याकडं माझं लक्षच गेलं नाही, त्यानं हाक मारली तर?"

मला उत्तर सुचेना. इतके लेख वाचूनही हा प्रश्न मला पडला नव्हता, आणि तो ज्याला कोणी हाक मारलेली ऐकू येत नाही त्याला पहिल्याच बैठकीत पडला. नंतर पाहिले तर १९५९ मध्ये ऑक्सफर्डच्या नेव्हिल मोरे यांनी याच प्रश्नाला हात घातलेला होता. लक्ष न दिलेल्या कानात त्यांनी माणसाचे स्वतःचे नाव घातले, तेव्हा साधारण एकतृतीयांश वेळा ते ऐकणाऱ्याच्या ध्यानात आले. म्हणजे मन एकीकडे दिलेले असले तरी दार पूर्ण लावलेले नसते, कडी काढलेली असते. यंत्राने बाकीचे आवाज पार पुसून टाकले तर ती फट बुजेल. नात मागून 'आज्जा' म्हणेल आणि त्या हाकेला मनापर्यंत जायला वाटच उरणार नाही. म्हणून बाकीचे आवाज दाबावेत, मारू नयेत. निवडलेला आवाज थोडा वर आणि उरलेले थोडे खाली, एवढेच यंत्राने करावे असे माझे मत झाले आहे. चांगला जॉबर एका मागाकडे लक्ष देतो तेव्हा उरलेले तेवीस बंद करत नाही.

आणखी एक गोष्ट मनात राहते. माणूस कोणाकडे लक्ष देत आहे हे आजवर फक्त त्यालाच ठाऊक असे. समोरच्याच्या बोलण्याला मान डोलवत शेजारच्या टेबलावरचे ऐकण्याची मुभा प्रत्येकाला होती. ही नोंद यंत्रात साठू लागली तर ती कोणाची, हे आधीच ठरलेले असावे: ती त्या माणसाची, आणि कानाबाहेर जाऊ नये. आज साध्या मशीनच्या जोडीसाठीही घरात महिनोनमहिने पैसे साठवावे लागतात. यंत्रमागावर कान गमावलेल्यांना ते आयुष्यात उशिरा, कर्ज काढून किंवा मुलांच्या दयेवर मिळते. मेंदूचे ऐकणारे यंत्र बाजारात येईल तेव्हा ते ज्यांच्या कानांनी टॉवेल आणि चादरी विणल्या त्यांच्यापर्यंत सर्वांत शेवटी पोचेल, ही भीती मला तंत्राच्या कोणत्याही अडचणीपेक्षा मोठी वाटते.

तोवर आम्ही हाती आहे त्यात करतो आहोत. ऑडिओलॉजिस्टच्या सल्ल्याने एक छोटा वेगळा मायक्रोफोन घेतला, जो बोलणाऱ्याच्या कपड्याला अडकवायचा आणि ज्याचा आवाज सरळ मशीनमध्ये जातो. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत, होम मैदानावर पाळण्यांचे भोंगे आणि पिपाण्या यांच्या कल्लोळात, लेकीने तो आपल्या फ्रॉकच्या गळ्याला लावला आणि आण्णा तिचे शब्दन्‌शब्द ऐकत तिच्यामागून चालले. त्याची मर्यादा उघड आहे: ज्याच्या गळ्यात मायक्रोफोन, त्याचेच ऐकू येणार. ऐकणाऱ्याची निवड तिथे बोलणाऱ्याच्या हातात जाते. मेंदूच्या संशोधनात मला जे मोलाचे वाटते ते हेच, की निवड पुन्हा ऐकणाऱ्याकडे येते.

जागेचाही विचार आम्ही आता करतो. गेल्या महिन्यातल्या लग्नात आण्णांना रांगेच्या टोकाला, पाठीशी भिंत येईल असे बसवले, कारण भिंतीमुळे मागचा गोंगाट कमी होतो. सोबत्यांना मी मुद्दाम बोलावले होते. त्यांना आण्णांच्या शेजारी न बसवता समोर खुर्ची टाकून दिली आणि ते जेवण्याऐवजी आधी बोलले. आण्णांनी मशीन काढली नाहीत. त्यांनी सोबत्याच्या ओठांकडे पाहत, अधूनमधून "पुन्हा सांग" म्हणत, पत्नीच्या आजारपणाची सगळी हकीकत एक वर्ष उशिरा ऐकली. वाढपी ताटात काय टाकून गेला इकडे त्यांचे लक्ष नव्हते.

लेक त्यांच्या दुसऱ्या बाजूला बसली होती. मायक्रोफोन त्या वेळी सोबत्यांच्या सदऱ्याला होता, म्हणून तिने दोन हाका मारल्या त्या आण्णांना ऐकू गेल्या नाहीत. तेव्हा तिने त्यांच्या डोळ्यांसमोर हात नेला, उजवी मूठ गोल फिरवली आणि तळवा रिकामा उघडला. आण्णांनी सोबत्यावरची नजर न काढता शेजारचा तांब्या उचलला आणि तिचा पेला भरला.